माथ्यावरच्या अकरा ओळी

केम्चीत ओहोटीला समुद्र इतका लांब जातो
की शिंपले वेचायला उतरलेल्या बाईला
काठावरून मारलेली हाक पोचत नाही.
पाणी परत कधी फिरणार, हे तिला
निघण्याआधी कळायला हवं.

ती वेळ सांगणारा कोड माझा नाही.
लोफोटेनच्या कुठल्याशा बेटावर
टोर्मोड ऐकेलँड नावाच्या माणसाने
एकोणीसशे सत्त्याण्णव साली लिहिलेला.
फाइलच्या माथ्यावर अकरा ओळी:
घ्या, वापरा, मोडा, विका.
हमी कसलीच नाही, बुडालात तर मला विचारू नका.
फक्त या ओळी इथून हलवू नका.

भाड्याच्या खोलीलाही याहून जास्त अटी असतात.

खाली, दोनशे चौदाव्या ओळीशी, त्याची टीप:
"इथे सात मिनिटं मिळवली आहेत.
का, ते ठाऊक नाही. पाणी तसं म्हणतं."

आमचं पाणी तसं म्हणेना.
तीन आठवडे धक्क्यावर घड्याळ घेऊन बसले.
दोन्या एर्मिंदा बादली घेऊन येता-जाता विचारायची,
समुद्राला पगार देतेस की काय?
आमच्या खाडीला उणे चार लागतात.
का, ते मलाही ठाऊक नाही.
त्याचे सात तिथेच ठेवून
शेजारी आमच्यापुरते चार लिहिले.

आनसेल्मो प्वेर्तो मोंतहून आला, आमचा मालक.
अ‍ॅपवर खूश. मग फाइल उघडली.
"हा कोण नॉर्वेवाला? काढ ते.
लोक म्हणतील, आयत्या पिठावर रेघोट्या मारतात."
मारतोच की, मी म्हटलं. पीठ त्याचं आहे.
तो हसला नाही.
मग मी वकिलाचं नाव काढलं.
आमच्याकडे वकील नाही, पण तेवढं पुरलं.

दुरुस्ती टोर्मोडला पाठवली.
मिनिटभरात परत आली: असा पत्ता नाही.
माथ्यावर जाऊन त्याच्या अकरा ओळींखाली
माझी एक जोडली: यास्ना बार्रीया, केम्ची,
काय बदललं आणि कधी.

एर्मिंदाने ओल्या अंगठ्याने
'याविषयी'चं पान उघडलं,
नाव मोठ्याने वाचलं, अर्धं चुकीचं.
"हा कुणाचा मुलगा?"
माहीत नाही.
"आहे की गेला?"
तेही नाही.
तिने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
पिशवीला गाठ मारली.
"पावणेदोन तास आहेत म्हणतो तुझा माणूस," ती म्हणाली,
आणि चिखलात उतरली.