एकमान

मेघजीशेठचा दर पुठ्ठ्यावर असतो.
स्केचपेनचा तक्ता, गाळ्याच्या शटरला सुतळीनं टांगलेला:
पाच किलोला साठ, दहाला एकशेवीस,
वीसला दोनशे चाळीस, पन्नासला सहाशे.
आईची नजर दरवेळी सहाशेवर जाऊन बसते.
पन्नास किलो लसूण
तिनं एका दिवसात कधीच सोललेला नाही.

दामाणींच्या धाकट्यानं मात्र आलेख छापून आणला,
तुर्भे स्टोअरच्या नाक्यावर घरोघरच्या बायकांना वाटला.
गुळगुळीत कागद, निळी रेघ,
आडवे किलो, उभे रुपये.
"किती दमानं चढते," हसीनाभाभी म्हणाली,
"हिच्या नादाला कोण लागणार?"

मी सातवीत आहे.
आधी अक्ष वाचा, असं मॅडम सांगतात,
रेघेचं नंतर बघू.
उभ्या अक्षावर एका घराला शंभर रुपये धरले होते,
म्हणून ती आडवी पडल्यासारखी दिसत होती.
वीस किलोवर बोट ठेवलं, वर गेले, डावीकडं वळले:
दोन मोठी घरं, सात बारीक. दोनशे सत्तर.
भागिले वीस.
साडेतेरा.
पुठ्ठ्यावर बारा.

"एका किलोचा भाव काढायचा, आई. एकमान."
"एक मान माझीच आहे की," ती म्हणाली,
"सकाळपासून खाली."

पण दामाणींचं गोदाम ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडं.
पोतं आणा, सोललेला माल पोचवा,
हातगाडीचे तीस.
आई चौदा किलो सोलते. दहाव्यानंतर
नखांखाली आग होते, मग बोटं खोबरेलात.
चौदा बारे एकशे अडुसष्ट.
चौदा साडेतेरे एकशे एकोणनव्वद, वजा तीस, एकशे एकोणसाठ.
दर जास्त, हातात नऊ रुपये कमी.

मी दोन्ही रेघा एकाच कागदावर काढल्या.
दुसरी शून्याच्या तीस रुपये खालून निघाली
आणि वीस किलोवर पहिलीला गाठली.
"वीस," म्हणत आईनं हात उलटे करून पाहिले.

"गाडी काय एकाच पोत्याची असते?" हसीनाभाभी.
तीन पोती, दहा-दहा रुपये.
आईला अकरा जास्त. भाभीलाही तेवढेच.
गोजरकाकू नऊच किलो सोलते. तिला साडेतीन.
"साडेतीन रुपयांसाठी मी तो रस्ता ओलांडू?
ट्रक बघितलेत का?"
"नको ओलांडू. पोतं तेवढं दे," आई म्हणाली.
"तुझं नसलं तर आमचे पाच-पाच जातात."
काकूनं एक गड्डा फोडला, पाकळ्या मोजल्यासारख्या केल्या.
"मग माझे सहा धरा."
आई भाभीकडं बघत राहिली. भाभी सुपाकडं.
"बारा-बारा," शेवटी भाभी म्हणाली, "लिही गं."

लिहिलं.
तीन रेघा, शून्याखालून,
दोन एकमेकींवर, एक जरा वर.
चढ सगळ्यांचा एकच.

मॅडमनी वही उघडली, नाक जरासं मागं घेतलं.
"आरंभबिंदूतून का नाही जात या?"
"तिथं खाली हातगाडी उभी आहे, मॅडम."
त्या हसल्या नाहीत. बरोबरची खूण केली,
आणि एकक लिहिलं नाही म्हणून
अर्धा गुण कापला.
लिहिलं होतं मी. मग खोडलं.
दर किलोला, की दर मानेला,
ते ठरत नव्हतं.