उतरती बोली

आधी भिंतीवरचा एक खिळा निवडला.
त्याच्यावर कॅलेंडर असायचं, आता मोकळा.
त्याच्याकडे बघत राहायचं, शर्वाणी म्हणाली,
पापण्या जड होईपर्यंत.
मग दहापासून एकापर्यंत, जिना उतरल्यासारखं.
दापोलीच्या दवाखान्यात नर्स आहे ती,
थट्टा करणारी नाही.

तरी हसू आलं. माझीच मला
भूल द्यायची?
गेल्या मंगळवारी सुरमईच्या हाऱ्यापुढे मी
तेराशे पन्नासच्या जागी पंधराशे तीस लिहिले,
आणि लियाकतशेठ सगळ्या बंदरासमोर
काहीच बोलले नाहीत.
वही फक्त माझ्याकडे वळवली.

तेव्हापासून रात्री कानात लिलाव.
आठशे, साडेआठशे, नऊ,
हजार, हजाराला कोण आहे, हजाराला कोण.
हर्णैच्या वाळूत खुर्ची टाकून
बावीस वर्षं मी आकडे चढतानाच लिहिलेत.
आता दहा म्हणावं
तर अंधारातून कोणीतरी अकरा म्हणतं.

फोनमध्ये माझाच आवाज भरून घेतला,
कागदावर नीट लिहून काढून:
तुझे खांदे शिथिल होत आहेत.
तू एक एक पायरी खाली जात आहेस.
तुझे मन शांत आणि एकाग्र होत आहे.
ऐकलं. बातम्या देणारी बाई.
खांद्यांना कळेचना ती कुणाशी बोलतेय.
ते तसेच कानांपाशी,
खुंटावरच्या बगळ्यासारखे.

शिवाय जिना कुठला आणायचा?
माझ्या घराला जिना नाही.
मला पाठ आहे तो एकच, जेटीचा.
वरच्या तीन पायऱ्या कोरड्या, जाळ्याच्या तुकड्यांनी भरलेल्या,
चौथीचा कोपरा उडालेला,
सहावीपासून शेवाळ, आणि कालवांच्या कपच्या
ज्या चपलेतूनही लागतात.
पहिल्या रात्री सातवीवर गेले आणि
घोट्याला पाणी.
भरती होती खरोखरच, बाहेर.
डोळे मिटले तरी पाणी कुठवर आलंय
हे अंगाला माहीत असतं, त्याला फसवता येत नाही.

म्हणून दुसऱ्या रात्री तिथी बघितली.
षष्ठी. तिथीचा पाऊणपट, साडेचारला भरती,
म्हणजे रात्री पावणेअकराला सुकती.
दहाच्या दहा पायऱ्या उघड्या मिळतील.

आवाजही पुसला, पुन्हा भरला.
कागद न घेता.
घरात बोलते तसं:
जप गो. निसरडं हाय.
खांदं सोड. सोड म्हनते ना.
तुझी टोपली कोन नेत नाय.

टोपली कुठून आली? कुठे लिहिली नव्हती.
पण तिचं नाव निघालं आणि खांदे उतरले,
भरलेले दोन हारे
दोघांनी धरून खाली ठेवावेत तसे.

दहा.
अकरावाला आलाच. त्याला हाकललं नाही,
बस म्हटलं तिकडे दोरखंडावर.
नऊ. आठ.
सातवर शेवाळ, कठड्याला हात.
सहा, पाच, चार.
तीन.
तीन वार, म्हणाला कुणीतरी, आणि मी थांबले,
कोण घेतंय ते बघायला.
कोणीच घेत नव्हतं.
वाळूवर माल तसाच पडलेला, गिऱ्हाईक घरी गेलेलं,
मांजरसुद्धा नाही.
दोन.

एक म्हटल्याचं आठवत नाही.

बरी झाले असं नाही म्हणत मी.
परवा बांगड्याच्या ओळीत पुन्हा एक आकडा घसरला.
फक्त या वेळी तो मलाच दिसला,
शेठच्या आधी.
खोडला, बाजूला सही केली,
आणि पुढची बोली ऐकली, पुढचीच,
तिच्या पुढची नाही.

शर्वाणी विचारते, झोप लागते का गं?
लागते कधी.
कधी भरतीची वेळ चुकवता येत नाही,
मग चौथ्या पायरीवरच बसते,
उडालेल्या कोपऱ्याशी, पाय पाण्यात सोडून.
खाली अजून पायऱ्या आहेत.
दिसत नाहीत एवढंच.