तासाच्या टोकाला

सफोक, एकोणीसशे एकाहत्तर, फेब्रुवारी.
चहाच्या बंबाचा प्लग काढून
आम्ही तिथं अ‍ॅम्प्लिफायर लावला,
म्हणून बायका नाराज.

चर्चमागच्या त्या हॉलमध्ये
ओल्या लोकरीचा आणि रॉकेलच्या शेगडीचा वास.
अ‍ॅम्ब्रोज कॅटरमोल, वय ब्याऐंशी,
पहिल्याच खुर्चीत, टोपी गुडघ्यावर.
गाणं त्याचं. म्हणजे त्याच्या बापाचं.
म्हणजे कुणाचंच नाही.
एकोणीस कडवी; सातव्यात मुलगी बुडते
आणि पुढची बारा कडवी तीच बोलत राहते.

फिलिडा गायली चांगलीच.
रोलंडच्या इलेक्ट्रिक गिटारनं
खिडक्यांच्या काचा थरथरल्या.
मी ड्रमवर. चार मात्रा, पुन्हा चार.
आयुष्यात सम कधी चुकवली नाही मी
(लग्न चुकवलं, नोकरी दोनदा).
पाद्रीबुवांचा पायसुद्धा हलत होता, मी पाहिलं.

संपल्यावर म्हातारा म्हणाला,
"आवाजाचं काही नाही,
मळणीयंत्राशेजारी चाळीस वर्षं काढलीत मी.
पण घोडी कुठं वळली?"

आम्हाला कळेना.

मग बसल्या बसल्या त्यानं गाऊन दाखवलं.
दोन ओळी. नंतर काहीच नाही.
हात पुढे, नसलेल्या नांगराच्या मुठींवर,
मान जराशी डावीकडे,
तो थांबलेला, आम्ही थांबलेलो,
शेगडीची वात तेवढी फडफडत.
मग तिसरी ओळ.

बापाच्या नांगरामागं शिकलेलं गाणं ते.
तास संपला की थांबायचं.
स्मायलर वळायची, खुरांची माती झटकायची,
कधी चटकन, चिखल असला तर फार उशिरा,
आणि नवा तास धरला की ओळ पुढं.

"किती मात्रा थांबायचं?" मी विचारलं.
त्यानं असं पाहिलं, जसं काही मी
नदीला बटणं किती असतात ते विचारलंय.
"घोडीला विचार."

घोडी एकोणीसशे बारा सालीच गेलेली.

दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा
दोन ओळींनंतर मी काठ्या वरच धरल्या.
रोलंडनं गिटार अ‍ॅम्प्लिफायरकडे फिरवली
आणि तार न छेडता एक सूर फुगत गेला,
जड, घोंगावणारा,
अंगातून वाफ निघणाऱ्या जनावरासारखा,
आणि वळला.
किती वेळ लागला, सांगता येणार नाही.
मी मोजलंच नव्हतं,
हे घरी जाताना पुलावर लक्षात आलं.

म्हातारा काही बोलला नाही.
टोपी घातली,
जाता जाता आमचा प्लग काढून
बंबाचा लावला.