हवेचं वजन

डर्बी. सतराशे एक्याण्णवचा फेब्रुवारी.
खानावळीच्या माडीवर व्याख्यान, तिकीट एक शिलिंग.
हेफ्झिबा ऑर्गिलला ते माफ,
कारण कोळशाची बादली तिच्या हातात होती.

दिवसा ती मोजे विणायची, भावाच्या शेजारी,
भाड्याच्या मागावर.
आधी मागाचं भाडं, मग पाव.

पुढच्या खुर्चीत स्क्वायर बॅगशॉ,
गावातला वजनदार माणूस.
पोटाने तर होताच, पण मी म्हणतोय ते दुसरं वजन,
ज्याच्या एका खोकल्यावर
न्यायाधीश पान उलटतो.

व्याख्याते लोमॅस, एक बाही आम्लाने जळलेली,
काचेच्या घुमटावर हात ठेवून म्हणाले,
'हवेला वजन असतं, मंडळी.
आत्ता, या क्षणी, तुमच्या एकेका तळहातावर
दोन धडधाकट माणसं उभी आहेत.'
स्क्वायरने तळहात पाहिला. कुणीतरी हसलं.
'आणि माझ्या?' शेगडीपासून आवाज आला.

माना वळल्या.
लोमॅस थबकले. हा प्रश्न
त्यांच्या कागदात नव्हता.
'तेवढीच, बाई,' ते म्हणाले. 'इंचाला इंच.
तेवढीच.'

मग पितळेच्या दोन वाट्या, तोंडाला तोंड लावून.
पंपाचा दांडा वीस वेळा खाली-वर.
स्क्वायरचे दोन मोतद्दार इकडून तिकडून ओढायला लागले,
मानेच्या शिरा फुगल्या,
एकाच्या टाचेखाली फळी करकरली,
वाट्या हलेनात.
'आत आहे तरी काय?' स्क्वायर.
'काही नाही, साहेब. धरलंय ते बाहेरून.'
आणि लोमॅसनी एक बारकी तोटी फिरवली.
सुस्कारा टाकावा तसा आवाज,
आणि वाट्या सुट्या झाल्या
खानावळवाल्याच्या सहा वर्षांच्या पोरीच्या हातात.

घरी जाताना चिखल गोठला होता.
'एनॉक,' ती म्हणाली, 'मुकुटाच्या आत काय असेल रे?'
'हळू बोल.'
'नाही, पण काय असेल?'

दर गुरुवारी लोहाराच्या मागच्या खोलीत
आता सहाजण जमायचे, मग अठरा.
एक मेणबत्ती, एक वाचणारा.
हक्क हा शब्द जुनाच,
पण आजवर तो वरून कुणीतरी द्यायचा,
नाताळात हंस द्यावा तसा.
आता म्हणे तो जन्मतःच डोक्यावर असतो,
इंचाला इंच.

'विणकरांच्या डोक्यात हवा गेलीय,' स्क्वायर म्हणाला.
त्याला काय माहीत,
तो किती शास्त्रशुद्ध बोलला ते.

एनॉकला चौदा महिने झाले,
कागदावर राजाआधी प्रजा लिहिली म्हणून.
सुटला तेव्हा दात कमी होते, खोकला जास्त.
बाहेरून धरणारे हात
एकदम सुटत नाहीत. तोटी गंजलेली होती,
एकेक चाव फिरायला
माणसांची आयुष्यं लागली.
आधी घरवाल्यांना मत, मग भाडेकऱ्यांना,
मग... पण तोवर हेफ्झिबा
सेंट ॲल्कमंडच्या मागे मातीत होती.

आणि तो अर्ज,
ज्यावर दोनशे बारा नावं, सतरा अंगठे?
त्याच्या रेघा तिने आखल्या,
शाई तिने घोटली, दाराशी पहारा तिने दिला.
नाव घेतलं नाही. बाईचं नाव
अर्ज हलका करतं, असं ठरलं.
अठराही जणांनी मान हलवली,
एनॉकनेसुद्धा.

तेव्हा तिला त्या रात्रीचा शेवटचा प्रयोग आठवला,
ज्याच्या वेळी लोक शाली गोळा करत होते
आणि ती राख भरत होती:
काचेच्या आत टांगलेली एक छोटी घंटा.
पंप चालत गेला, हवा गेली.
घंटा हलत होती,
लोळी दोन्ही कडांना नीट आपटत होती,
जोरात, अगदी जोरात,
आणि खोलीत कुणालाच
काही ऐकू येत नव्हतं.