बावीस युरो

आज चौदावा दिवस. रात्री बारा वाजता फुकटचं संपतं.
पडद्यावर चौकट: महिन्याला बावीस,
वर्षाचे एकदम भरलेत तर दोन महिने माफ.
खाली ठसठशीत निळं बटण. शेजारी, फिकट अक्षरांत,
इतक्या फिकट की मला चष्मा बदलावा लागला:
आत्ता नको.

क्लाइपेडात मी एकतीस वर्षं पियानो लावतोय.
बावीस युरो मला माझ्याच मापानं कळतात.
खर्जाची एक तार, तीही जर्मनीहून मागवलेली.
किंवा हातोड्यांच्या नमद्याचा पाऊण पट्टा.
किंवा फेरीबोटीनं गाडी पलीकडे नेणं-आणणं,
आणि वर कागदात गुंडाळलेला एक धुरावलेला मासा.

ताईसिया म्हणते, बाबा, तुमच्या तासाची किंमत काय?
म्हटलं, कुठल्या तासाची?
पियानोपाशी बसलेल्या, की हिशेबाच्या वहीपाशी?
ती हसली नाही. तिनंच ते यंत्र
तिच्या जुन्या लॅपटॉपवर घालून दिलं होतं.

खोटं कशाला बोलू, काम चोख करतं.
संगीतशाळेनं मार्चपासून थकवलेले दोनशे दहा
गुरुवारी जमा झाले, तेही आभारासकट.
मी चार ओळींच्या चिठ्ठीत अख्खी संध्याकाळ घालवायचो.
‘पैसे’ हा शब्द कुठे ठेवावा तेच कळायचं नाही.
चिखलाचे बूट जसे, दारात कुठेही ठेवा, दिसतातच.
हे यंत्र तो शब्द असा ठेवतं
की समोरचा त्यात पाय घालून चालू लागतो.

तेव्हा हिशेब केव्हाच झाला होता.
अडलं ते मार्सेलेबाईंपाशी.

अडतीस वर्षं त्यांनी शाळेत लिथुआनियन शिकवलं.
मी गोदी कामगाराचा मुलगा, घरात रशियन.
यांच्या भाषेत हाक मारताना
बाईंच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावरचा ठिपका गळतो.
माझा गळत नाही. तीन दशकांत एकदाही नाही.
माझं प्रत्येक बिल त्या लाल पेन्सिलीनं तपासून
परत पाठवतात, मधे दुमडलेल्या नोटा,
आणि तळाशी गुण. दहापैकी सहा.
गेल्या शरदात साडेसात मिळाले होते,
ते बिल मी हत्यारांच्या पेटीत, झाकणाला आतून लावलंय.

यंदाचं बिल यंत्रानं लिहिलं.
परवा ते परत आलं. नोटा बरोबर. लाल काही नाही.
फक्त मागच्या बाजूला, निळ्या शाईत:
तब्येत बरी आहे ना?
की कुणाला कामावर ठेवलंत?

काल त्यांच्याच खालच्या मजल्यावर एक पियानो लावत होतो.
नवशिक्या विचारतो, प्रत्येक जोडी
अगदी शुद्ध का नाही लावायची?
लावून बघ म्हणतो. अकरा जोड्या मधासारख्या लागतात,
आणि सगळी उरलेली खोट एकटी बारावी सोसते,
लांडग्यासारखी ओरडते ती.
म्हणून आम्ही खोट वाटून टाकतो,
प्रत्येकीच्या पदरात केसाएवढी.
हे मी यंत्राबद्दल म्हणत नाहीये.
कालचं काम आठवलं, इतकंच.

पावणेबारा.
एका महिन्याचे भरले. वर्षाचे नाही,
साठीनंतर मी काहीच वर्षाचं घेत नाही.
मग नावांची यादी उघडली, एक नाव पुसलं.
यंत्रानं विचारलं, नक्की?
पहिल्यांदाच त्यानं मला काही नीट विचारलं, असं वाटलं.

कोरा कागद घेतला. शाई वाळलेली, पेन झटकलं,
टेबलक्लॉथवर तीन शिंतोडे. सकाळी बोलणी खाईन.
लिहिलं: मार्सेलेबाई, तब्येत उत्तम आहे.
मग वर गेलो, नावापाशी.
ठिपका द्यायचा की नाही?

माहीत होतं.
दिला.