पाचवी छपाई

घोडपदेवच्या गल्लीत, वेल्डिंगच्या दुकानावर
तबस्सुम मुकादमचं एक टेबल, दोन कॉम्प्युटर, एक पंखा.
माझं पुस्तक तिथं पंचवीस-पंचवीसनं निघतं.
पंचवीस संपली की मी पुन्हा जिना चढतो,
पिशवीत एक प्रत, प्रतीत लाल खुणा.
ती विचारते, काका, फाईल बंद करू का आता?
मी म्हणतो, राहू दे उघडी.

पहिल्या छपाईत आईच्या मांडीवरचा अनुस्वार उडाला
आणि मी अख्ख्या गोदीसमोर
आईच्या माडीवर डोकं ठेवून झोपलो.
विंचवाला आयरे फोन करून हसला, खोकला, पुन्हा हसला.
अठरा प्रती भेट दिलेल्या.
सतरा दारांत पेन घेऊन गेलो,
शिवडी, कॉटन ग्रीन, एक तर पार नालासोपाऱ्याला.
टिंब दिलं, चहा प्यालो, परत आलो.
एकानं प्रत शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.
म्हणाला, अरे, मी मांडीच वाचलं.

दुसरीत सगळ्या 'कि' दीर्घ केल्या.
तिसरीत फोरमनच्या आडनावाला त्याचा र परत मिळाला,
तोवर फोरमन गेला होता.
बायको म्हणाली, पेन्शन ठिपक्यांत चाललंय.
मी म्हटलं, भातात खडा दिसला तर काढतोच ना आपण?
काढतो, ती म्हणाली,
पण पाहुणे हात धुऊन गेल्यावर नाही.

पाचव्या वेळी पान एक्केचाळीसवर थांबलो.
तीन नंबरचं हॅच, जानेवारीतली रात्रपाळी,
तांब्याच्या पट्ट्यांची स्लिंग, खाली लवू धुरी.
मी सिग्नलमन.
चार छपायांत तिथं असं होतं:
'त्या रात्री शिट्टी उशिरा वाजवली.'
लिहिताना हात अडला नव्हता.
आता एक अक्षर जास्तीचं वाटलं.
लाल पेनानं व काढला.
'त्या रात्री शिट्टी उशिरा वाजली.'
व्याकरण शुद्ध. कुठलाही मास्तर मार्क कापणार नाही.
शिट्टी आपली आपणच वाजली,
जशी जेवणाच्या सुट्टीची वाजते.
तोंड कुणाचं, हे वाक्याला कोण विचारणार?

आगाऊ पैसे दिले. घरी आलो.
बांगड्याची आमटी, दोनदा भात.
गाढ झोप लागली.
ते मला आवडलं नाही.

गठ्ठा आणायला गेलो तर तबस्सुम म्हणाली,
खुणा सगळ्या केल्यात, काका.
फक्त एक्केचाळीसवर तुमचंच पेन चुकलं वाटतं,
एका ठिकाणी व खोडला गेला होता.
जुन्या प्रती काढून बघितल्या,
चारींत 'वाजवली' आहे.
मग मी राहू दिला.
बरोबर केलं ना?

खालून वेल्डिंगचा निळा उजेड
जिन्याच्या भिंतीवर येत होता, जात होता.
अठरावी प्रत काळाचौकीला आहे,
लवूच्या बायकोकडे, देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर.
त्या घरी टिंब द्यायलाही मी गेलेलो नाही.
तिथं मी अजून आईच्या माडीवरच निजलेला असणार,
आणि शिट्टी वाजवलेलीच असणार. उशिरा.
तिनं ते पान वाचलंय की नाही, मला माहीत नाही.
ती मला दिवाळीला चकल्या पाठवते.

बरोबर केलंस, मी म्हटलं.
तबस्सुमनं माउसवर हात ठेवला.
फाईल?
प्रस्तावनेत, तिसऱ्याच ओळीत,
एक वेलांटी अजून चुकीची होती.
आदल्या रात्रीच सापडली होती मला.
खिशातलं पेन चाचपलं
आणि बंद कर म्हणालो.