दोन्ही गावं एकच

पासपोर्टावर बेलगाम आहे, लग्नाच्या दाखल्यावर बेळगावी.
कोर्टासमोरच्या टपरीतला मडिवाळप्पा
चष्मा कपाळावर चढवतो:
"अफिडेव्हिट करू या की, अक्का.
दोन्ही गावं एकच, असं लिहितो. शंभराचा बाँड."
टाइप इंग्रजीत करतो, पुटपुटतो कन्नडात,
माझ्याशी मराठी.
मी शपथेवर सही करते.
इतकं सोपं वाक्य या गावात
आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

फाईल फुगत चाललीय.
रजिस्टर ऑफिसातला फोटो: डेरेक, मी,
साक्षीला बस आगारातले दोघे,
एकाच्या नखांत अजून ग्रीस.
बाबांच्या मागावरची मोरपंखी साडी
आणि थंडीसाठी वरून डेरेकचा कोट.
मेसेजांचे दोनशे अकरा कागद.
कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्या पोरानं
ते मोजता मोजता वाचले, मला दिसत होतं.
दूध संपलंय. चावी कुंडीखाली. पोचलीस का?
शेवटी न राहवून म्हणाला,
"अक्का, ह्यात लव्ह कुठं आहे?"

तिकडचा साहेबही हेच विचारणार.

पत्र तेवढं राहिलंय.
चौदा महिने जास्त का राहिलात,
वकील म्हणतात, एका पानात लिहा. रडारड नको.

तीन मार्चला मुदत संपली.
तीन मार्चला मी मिसेस पॉटरच्या भेगाळ टाचांना
मलम लावत होते.
तिनं विचारलं, उद्या कोण येणार?
मी म्हटलं, मीच.
एजन्सी बुडाली होती, इकडं सोसायटीचे हप्ते थकले होते,
ते खरंच आहे, तेही लिहीन.
पण आधी ते "मीच" तोंडातून निघून गेलं
आणि मग रोज निघत राहिलं.
डेरेक तिचा भाचा.
बल्ब बदलायला यायचा.
पुढं पुढं चांगले बल्बही बदलायला लागला.

हे पानात बसत नाही.

बाबा माझ्याशी फारसं बोलत नाहीत.
एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून जातात,
संध्याकाळी तीच फीत घडी करून
देव्हाऱ्याच्या खणात ठेवतात.
काल जेवताना एकदम म्हणाले,
"तुझा आजा कुठं गेलाच नव्हता गं.
रेघ हलली. तो होता तिथंच बसलेला
आणि दुसऱ्याच राज्यात उठला.
त्याला कुणी पत्र मागितलं नाही,
का राहिलास म्हणून."
मग आमटी वाढून घेतली.
ताटाकडं बघतच विचारलं,
"जावयाला तिखट सोसतं का?"

जावई हा शब्द या घरात
पहिल्यांदा आला. आईनं उगाचच
मिठाचा डबा उघडून बंद केला.

रात्री दहाला डेरेकचे साडेपाच वाजतात.
त्याच्यामागं बस घुरघुरते,
माझ्यामागं शेजाऱ्यांचा पॉवरलूम.
दोघंही ओरडतो, दोघांनाही ऐकू येत नाही.
कॉल तुटतो. मग मेसेज येतो:
पाणी आलं?

राकसकोपचं पाणी चौथ्या दिवशी सुटतं,
हे त्याला तिकडं बसून पाठ झालंय.

उद्या येईल, मी लिहिते.
घागरी भरून ठेव, तो लिहितो.

सकाळी झेरॉक्सवाल्याकडं जायला हवं.
दोनशे बारा.